गोठायची घाई

लोखंडी सब्बल टाकीत घुसली आणि कढत पिवळा रस धाकट्या जावेच्या पायावर उडाला. ती ओरडली, "बाई वो, माहं नवं लुगडं!"

"लुगडं मरू दे, पाय दाखव," मी म्हटलं आणि बादलीत उरलेलं विहिरीचं पाणी तिच्या पायावर ओतलं. त्या दिवशी त्या पाण्याचा तेवढाच धड उपयोग झाला.

आम्ही दोघी शहापूरजवळ हमरस्त्यावरच्या एका शेडमध्ये कामाला होतो. तिथे डांबरगोळ्यांचा माल साफ होई. कच्चा माल पिवळा, तेलकट. तो लोखंडी टाकीत वितळवायचा, टाकीला बारदान गुंडाळायचं आणि गप्प बसायचं. हळू निवला की चांगला माल पांढऱ्या पापुद्र्यांनी आधी गोठतो, घाण तेल पातळच राहतं. खालची तोटी उघडली की ते गळून जातं. सगळी अक्कल बसण्यात. जावेला नेमकं तेच जमत नसे.

मालकानं बजावलं होतं, या खेपेला माल पिवळा निघाला तर व्यापारी सुटेल आणि शेडला कुलूप लागेल. पण दिवाळी झाली होती. लाखांदूरकडे जावेच्या माहेरी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, रात्री नाटक होतं आणि एसटी दुपारची होती. तिनं बारदान काढून टाकीवर बाहेरून पाणी ओतलं. कडेनं दगडासारखं कवच धरलं, तोटी बुजली, तेल आत कोंडलं. ते फोडायला तिनं सब्बल घेतली.

मालक धावत आला. "काहून पाणी टाकलं?"

"घरी दुधाचा गंज पाण्यात ठेवून असाच थंडा करतो जी."

"हे का तुह्या घरचं दूध होय?"

रागावला होता, पण कानात अत्तराचा फाया होता. मंडई त्यालाही चुकवायची नव्हती. तरी म्हणाला, "पुन्हा वितळवा. मी इथंच बसतो."

"तुमी कायले बसता? नाटकातल्या बाया वाट पाहून राहिल्या असतीन."

पाय भाजला होता, तोंड शाबूत होतं.

एसटी गेली. अंधार पडेपर्यंत तिघंही टाकीपुढे बसलो. जाऊ सारखी विचारी, "आता निवला का?" डांबरगोळ्यांच्या वासापुढे मालकाचं अत्तर केव्हाच हरलं. बारदानाला कोणी हात लावला नाही. सकाळी तोटी उघडली, काळपट तेल गळून गेलं आणि आत पांढरा माल उरला. व्यापाऱ्यानं नेला. शेड पुढे काही वर्षं चालली.

मालक आता नाही. जाऊ आहे, आणि मी आहे.