शांताक्कांचा अंतरा

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की चहा टाकायला उठणारा माणूस मी. मूळचा पुण्याचा, बंगळुरात येलहंकाला राहतो, आयटीत आहे. इथे लिहिताना संकोच वाटतोय... पण जे ऐकलं ते आम्ही दोघांनी ऐकलं.

गेल्या वर्षी एका शनिवारी मी आणि बायको — वैजू — गाडीने धारवाडला निघालो. वैजू तिकडचीच. लहानपणापासून शांताक्कांकडे गाणं शिकलेली. नोकरीसाठी बंगळुरूला आली तेव्हा भीमपलासातली एक चीज अर्धी राहिली. अस्ताई, म्हणजे पहिला भाग, झाली होती; पुढचा अंतरा बाकी. अक्कांनी स्वतः बांधलेली चीज, दुसऱ्या कुणाला दिलीच नव्हती. "परत येशील तेव्हा अंतरा देते," म्हणाल्या होत्या. मग संपर्क सुटला. आम्ही न कळवताच निघालो — सरप्राइज म्हणून.

वाटेत दावणगेऱ्याला लोण्याचा डोसा खाऊन दुपार कलताना धारवाडला अक्कांकडे पोचलो. बैठं कौलारू घर. गाडी बंद केली आणि आतून गाणं ऐकू आलं. वयस्कर बाईचा आवाज, जरा खरखरीत, पण ठाम.

वैजू फाटकाशीच थांबली. "आमचीच चीज..." मग माझा हात घट्ट धरून, "अंतरा गातायत रे!"

एकेक ओळ सुटी करून, पुन्हा पुन्हा — शिकवताना म्हणतात तशी. वैजू ओठातल्या ओठात म्हणत होती. आवाज थांबल्यावर आम्ही कडी वाजवली.

अक्कांची धाकटी बहीण, कमलाक्का, दारात आल्या. "वैजू? अगं बाई! आत या की."

"रियाज मोडला का आम्ही?"

"कुणाचा रियाज?"

अक्का खाटेवर होत्या. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, वाचाही. "वर्ष होऊन गेलं की गं, एक शब्द नाही," कमलाक्का म्हणाल्या.

मी विचारलंच — रेकॉर्डिंग? टीव्ही?

"रेकॉर्डिंग तिनं कधी करू दिलं नाही. टीव्ही कुठाय इथं?"

खरंच नव्हता. शेजारच्या घराला कुलूप होतं.

वैजू खाटेजवळ बसून गायली. अस्ताई, मग अंतरा. एका जागी अक्कांनी डावा हात उचलून तिला थांबवलं. तिने ती जागा पुन्हा घेतली, तेव्हा हात खाली आला. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हेच गायची ती," कमलाक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "तुला कधी दिलं?"

फोन माझ्या खिशात होता. काढावासा वाटला नाही, त्या खोलीत शोभलं नसतं. आज वाटतं, काढायला हवा होता.

कारण रविवारी परतताना, हावेरीच्या पुढे, गुणगुणणारी वैजू एकदम गप्प झाली. "अंतरा आठवत नाहीये..." गाडी बाजूला घेतली. ना शब्द, ना सूर.

"मागे वळू या का?"

"नको. येईल."

नाही आला.

आम्ही काय ऐकलं, याचा खुलासा आजही माझ्याकडे नाही. खरं सांगतो, खुलासा मला नकोच आहे... त्या दोन ओळी परत मिळाल्या तर पुरे.

आता सुट्टी जुळली की धारवाडला जातो. कमलाक्का अंतरा ऐकला तर ओळखतात, पण त्यांना तो म्हणता येत नाही. फाटकाशी उभे राहतो, आत सामसूम असते. वैजू खाटेजवळ बसून अस्ताई गाते. ती संपली की अक्का तिच्याकडे बघत राहतात, डावा हात किंचित उचलून — पुढचं म्हण.

वैजू पुन्हा अस्ताईच धरते.