पाणी किती पेलं?

कंडक्टरबाई कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. डायलिसिसच्या खोलीत शिरल्या की पदर खोचून त्या सगळ्या पलंगांवरून एक नजर फिरवायच्या आणि ज्याच्या-त्याच्यासमोर उभ्या राहून एकच प्रश्न टाकायच्या, “पाणी किती पेलं?” फुकट्या प्रवाशाला तिकीट विचारावं तसा. भलेभले चाचरायचे. हिंगणघाटात माझं कापडाचं चालतं दुकान आहे, दिवसभर बोलूनच पोट भरतो, पण बाईंपुढे माझी जीभ अडखळायची. कारण उत्तर ऐकण्याआधीच त्या माझ्या पायांच्या घोट्यांकडे बघत.

एसटीत वाहक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती. रक्तदाबानं दोन्ही किडन्या खाल्ल्या, तेव्हा नोकरी सुटली. आवाज मात्र तसाच राहिला. राहायला वडनेरला. आमची दोघांची डायलिसिसची पाळी एकाच वेळी, सोमवारी आणि गुरुवारी, वर्ध्याला. त्यांच्या पिशवीत एक इवलासा स्टीलचा पेला असे. दिवसभराचं पाणी त्याच पेल्यानं, मोजून. किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि सगळा भार हृदयावर येतो. हे कळायला सोपं आहे, पण मे महिन्यातल्या आमच्या उन्हात पाळणं म्हणजे काय ते माठाकडे बघत बसणाऱ्यालाच ठाऊक. बाई गालात बर्फाचा खडा धरून उन्हाला शिव्या घालायच्या, पण दुसरा पेला भरायच्या नाहीत.

मशीन सुरू होऊन नळीतून रक्त फिरायला लागलं की त्या तोच पेला पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवत. टण, टण. “चला, निंगाली गाडी.” सिस्टर सुरुवातीला रागावली. पुढे मात्र डबल घंटी ऐकल्याशिवाय आम्हालाच चैन पडेनासं झालं.

एका हिवाळ्यात डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांच्या हृदयाचा अंदाज घ्यायचं ठरवलं. डायलिसिसवरच्या माणसाला किडनीपेक्षा हृदयच जास्त दगा देतं म्हणे. रक्तात ट्रोपोनिन नावाचा पदार्थ असतो, हृदयाचा स्नायू दुखावला की तो वाढतो. प्रत्येकाचं थोडं जास्तीचं रक्त घेतलं आणि पुढच्या पाळीला कागद हातात पडले. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी आमचा पुन्हा एकदा निकाल लागला. आणि आम्हीही शाळकरी पोरांसारखेच वागलो. तुझे किती, माझे किती. सगळ्यांत कमी आकडा तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकूनकाकांचा होता. सगळ्यांत जास्त कंडक्टरबाईंचा, आणि त्यांच्या खालोखाल माझा.

गुरुवारी कारकूनकाका पेढ्यांचा डबा घेऊन आले. खरंच आणले होते. बाईंनी पेढा हातात घेतला, वास घेतला आणि परत डब्यात ठेवला.

“काका, पेढा दुधाचा असते. दुधात फॉस्फरस असते. तुमी पास झाले म्हून साऱ्या वर्गाले नापास करता का?”

सगळी खोली हसली. काकाही हसले, आणि पेढे बाहेर बसलेल्या नातेवाइकांत वाटले गेले.

बाईंच्या कागदाबद्दल बोलायला डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला बोलावलं, तेव्हा मात्र त्या पलंगावरून उतरून दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, गाडी माही हाय. टायर कोनता घासला ते मलेच सांगा.” त्यांच्या वडलांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती, आणि समजल्याशिवाय मान डोलवायची नाही हे त्यांनी पोरांना दीक्षेसोबतच शिकवलं होतं, असं बाई अभिमानानं सांगत. डॉक्टर भला माणूस. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “किडनी बंद असलेल्यांत हा आकडा बरेचदा चढाच असतो. याचा अर्थ झटका आला असा नाही. धोका जास्त आहे, एवढं नक्की. आपण हृदयाची इको करू, काही दिवसांनी पुन्हा रक्त बघू. वाढत चाललाय का, ते महत्त्वाचं.”

“मंग माह्या हातात काय?”

“पाणी, मीठ, औषधं. आणि एकही पाळी चुकवायची नाही.”

“झालं तर. आकडा माह्या हातात नाई, घोट हाय.”

मी शेजारच्याच पलंगावर होतो. हे सगळं मीही ऐकलं, पण कानात शिरलं ते एकच, ‘धोका जास्त’. पुढचं मोबाईलवर वाचलं आणि पार खचलो. वय बत्तीस. मरायचंच आहे तर सुया टोचून घेऊन कशाला मरायचं, असं म्हणून मी लागोपाठ दोन पाळ्या बुडवल्या. घरी सांगितलं, बरं वाटतंय. मग जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा मनात म्हटलं, आला, आकडा खरा होत आला.

दुपारची वेळ होती. दुकानाच्या पायरीशी बाई उभ्या. “शेठ, साड्या दाखव.” मी गादीवरून उठलो. “ते निळी काढ. नाई, वरची. त्याच्या वरची.” तिसऱ्या साडीला मला धाप लागली आणि मी खाली बसलो. बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

“हे आकड्यानं केलं का रे पोट्ट्या? हे पान्यानं केलं. छातीत पानी भरलं तुह्या, अन् तू मरनाची वाट पाहून राह्यला.”

“तुमचा आकडा तर माझ्याहून जास्त आहे,” मी म्हणालो.

“हाय ना. म्हनून तं एक बी पाळी सोडत नाई मी. चाल, उठ.”

ती निळी साडी त्यांनी बाजूला ठेवायला लावली. “बांधून ठेव. पुढच्या पाळीले तूच घेऊन येजो.” मग मला हाताला धरून वर्ध्याच्या गाडीत बसवलं. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा निघाला, त्यानं खिडकीची जागा मोकळी करून दिली. वाटेत मी विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का?

“भेव लागते ना. काऊन नाई लागनार?” त्या बाहेर बघत होत्या. “पन भेवाले तिकीट नाई फाडत मी. तो येते फुकट, उतरवून देते मी.”

त्या दिवशी मशीनवर चढायला आणखी उशीर झाला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. सोमवारी मी साडी घेऊन गेलो.

कारकूनकाका त्याच हंगामात गेले. चांगल्या निकालाच्या भरवशावर त्यांनी आधी चहा वाढवला, मग संत्री सुरू केली, आणि एकदा लग्नासाठी पाळी सोडली. संत्र्यातलं पोटॅशियम आमच्यासारख्यांचं हृदय बंद पाडू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बाई त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. परतताना मात्र संतापल्या होत्या. “आकड्यानं त्याले झोपवलं अन् तुले पळवलं. कागदाचं ऐकाचं, पन कागदाले डोक्यावर नाई बसवाचं.”

त्यानंतर बाईंनी कितीतरी उन्हाळे काढले. त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं जायचं, आकडा कधी खाली आला नाही. बाई कागद वाचायच्या, घडी घालायच्या आणि पेला वाजवायच्या.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना, गुरुवारी, पाळीला निघायच्या आधी केस विंचरता विंचरता त्या बसल्या जागी गेल्या. हृदयानंच नेलं. मी वडनेरला पोहोचलो तेव्हा दाराशी त्यांची पिशवी भरलेली होती, पेला वरच होता. जमलेल्यांतला कुणीतरी म्हणाला, “रिपोर्टात पहिलेच आलतं म्हने. खरं झालं शेवटी.” माझं डोकं फिरलं. मयताच्या घरी आवाज चढवू नये, पण मी चढवला. “मेल्यावर साऱ्यांचाच रिपोर्ट खरा होते भाऊ. मधातले उन्हाळे कोनत्या रिपोर्टात होते ते सांगा.” मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि तो जावा असं वाटत नाही.

पुढच्या सोमवारी बाईंच्या पलंगावर एक नवी बाई आली, अंगणवाडीत काम करणारी. तिच्या हातात तसाच ट्रोपोनिनचा कागद होता. तिनं तो माझ्यापुढे धरला. “भाऊ, हे लय हाय का?”

मी वाचला. आकडा चांगलाच चढा होता.

“लय हाय,” मी म्हणालो. “माहा बी हाय. आता सांगा, पाणी किती पेलं?”

ती चाचरली. सिस्टरनं मशीन सुरू केली. बाईंच्या मुलानं मला दिलेला त्यांचा पेला मी पिशवीतून काढला आणि दांडीवर दोनदा वाजवला.