जीपचे चार ड्रम

"तुला नाही जमायचं," बाबा म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित गप्प बसले असते. पण पुढे म्हणाले, "फाइली उघडणं वेगळं आणि ब्रेकचे ड्रम उघडणं वेगळं." झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि दिवसभर फाइलीच उघडते, हे खरं आहे. पण खरं असलं म्हणून काय झालं, तोंडावर बोलायचं?

विषय आमच्या जीपचा होता. बाबा नागपूरहून दिल्लीला आले ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून. गणवेश नाही, पण सगळा जन्म लष्कराच्या गाड्यांखाली गेला. फोरमन होऊन रिटायर झाले आणि फंडातून काय घेतलं, तर लिलावातली एक जुनी लष्करी जीप, मागे छोटा ट्रेलर जोडलेला. आईने महिनाभर अबोला धरला होता. पुढे ट्रेलरची चाकं गेली तेव्हा तिने त्यात माती भरून कढीपत्ता लावला आणि अबोला सोडला. जीप मात्र बाबांनी नट न् नट उघडून उभी केली. विंटेज म्हणून तिची रीतसर नोंदणीही केली. गाझियाबादच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये ती उभी असते आणि आमच्या गाड्या बिचाऱ्या बाहेर उन्हात.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजतो, तर पाना काय धरणार? तेवढ्यात जीपच्या चारही ब्रेकचे ड्रम संपले. ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं बिडाचं भांडं. आतून ब्रेकचे शू, म्हणजे घासणारं अस्तर लावलेल्या कमानदार पट्ट्या, त्याला दाबले जातात आणि गाडी थांबते. आमचे ड्रम लेथवर इतक्या वेळा कातून घेतले होते की पातळ होऊन त्यातल्या दोन ड्रमना तडे गेले होते. बाहेरच्या मेकॅनिकला बाबा जीपला हात लावू देत नाहीत. आणि त्यांचा नियम असा, की ब्रेक नसलेली गाडी घरात ठेवायची नाही.

नेमका तेव्हाच गुरुग्रामचा एक रेस्टॉरंटवाला उगवला. "अंकलजी, हम इसको बहुत प्यार से रखेंगे," म्हणाला. प्यार म्हणजे काय, तर इंजिन काढून टाकायचं, बॉनेटच्या जागी बर्फ भरायचा आणि त्यावर सॅलड मांडायचं. पंधरा ऑगस्टला दारात उभी करायची, तिरंगी फुगे लावून. बाबा त्याला हो म्हणाले. मी ऑफिसातून आले तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्या बापाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला इतका राग आला, की मी चप्पल न काढताच म्हणाले, "ड्रम मी बदलते. ब्रेक लागले तर जीप कुठेही जाणार नाही."

तेव्हा ते म्हणाले, तुला नाही जमायचं. रेस्टॉरंटवाल्याचा ट्रक चौदा ऑगस्टला, रविवारी संध्याकाळी येणार होता.

पुढच्या शनिवारी मी जुना पंजाबी ड्रेस घालून पोर्चमध्ये बसले. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, उंटावरून शेळ्या हाकायला. आधी जीप जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे लावले. उजवीकडची चाकं सुटली. डावीकडे एक नट हलेना. मी पान्यावर उभी राहिले, नाचले, नट ढिम्म. आई दारातून ओरडली, "अगं, कंबर जाईल!" घामाने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कुठे बाबा बोलले, "डाव्या बाजूला उलटे आटे असतात. तू घट्ट करतेयस."

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलंस का?"

मी तो पाना भिरकावलाच असता, पण शेजाऱ्यांची नवी गाडी समोर होती.

चाकामागचं काम आणखी किचकट. मधले बोल्ट काढून आतली दांडी ओढायची. मग एक मोठा नट, त्याच्यामागे पत्र्याची चकती आणि तिच्यामागे आणखी एक नट. तिचा कान वाकवून नटावर दाबलेला असतो, नट आपोआप सुटू नये म्हणून. तो कान छिन्नीने सरळ करायचा, दोन्ही नट काढायचे, मग बेअरिंगसकट ड्रम बाहेर. म्हणजे यायला हवा. पहिला आलाच नाही. आतले शू त्याला मिठी मारून बसले होते. ते मागून सैल करायचे असतात, हेही मी विचारल्यावरच कळलं. एव्हाना विचारायला शिकले होते. ड्रम निघाला आणि आतली काळी धूळ बघून मी सवयीने फुंकर मारायला गेले, तर बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "फुंकू नकोस! ती धूळ छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्यानं पूस." त्या ओरडण्यात धाक नव्हता, भीती होती. मी निमूट फडकं ओलं केलं.

रविवारी मायापुरीच्या भंगार बाजारात पायपीट केली. अर्धा बाजार फिरल्यावर चार ड्रम मिळाले, लष्कराच्या जुन्या साठ्यातले, ग्रीस फासलेल्या कागदात गुंडाळलेले. न वापरलेले! बाबांनी कागद सोडून एकावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आत ग्रीसचा थेंब राहता कामा नये. शू घसरेल." मी चारही ड्रम पेट्रोलने धुतले, चांदीसारखे चकचकीत केले आणि मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. आठवडाभर ऑफिसात माझ्या नखांतला काळा रंग बघून सगळे विचारत होते, "मॅडम, ये क्या हो गया?" मी म्हणायचे, "मेहंदी." शूंना नवीन अस्तर लावून आणलं तेही त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना.

पुढच्या शनिवारी, म्हणजे तेरा तारखेला, पहाटेच कामाला लागले. बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस भरलं. ड्रम चढवले. चाक फिरवत फिरवत नट आवळला, चाक जड झालं तसा जरासा मागे घेतला, चकतीचा कान वाकवला. ब्रेकमधली हवा काढायला आईला सीटवर बसवलं. मी खालून "दाब" म्हटलं की तिने पेडल दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. "दाबून ठेव" म्हटलं तर ती विचारायची, "किती वेळ? गॅसवर वरण आहे." पण झालं. पेडल घट्ट लागलं. मला वाटलं, जिंकले.

आमच्या कॉलनीच्या टोकाला नाल्यावर पूल आहे. दिल्लीच्या आसपास उतार म्हणजे एवढाच. दुपारी सामसूम असताना जीप पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुलावर नेली आणि हँडब्रेकवर थांबवली. बाबा काठी टेकत पाठोपाठ आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मी न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, मध्यावर ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं नाही! पेडल घट्ट, पाय जिवाच्या आकांताने दाबलेला, आणि जीप आपली ऐटीत खाली चाललेली. मला हँडब्रेक आठवेपर्यंत ती कोणाच्या तरी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. काही मोडलं नाही. फक्त नाकात एक विचित्र वास, गरम कढईचा.

बाबा खाली आले, वाळूकडे पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाले. "उद्या ट्रक येतोय तो येऊ दे." आणि वळून घरी चालू लागले. मला रडू आलं नाही. संतापाने कानशिलं तापली होती. सगळं त्यांनी सांगितलं तसंच तर केलं होतं!

जीप पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने पोर्चमध्ये आणली आणि लगेच पुढचं चाक उघडायला घेतलं. ब्रेक ऑइल कुठे गळत नव्हतं. ड्रम काढला तर शूचं अस्तर तुळतुळीत, चमकणारं. बोट फिरवून नाकाशी नेलं. फोडणीचा वास! मी तशीच ड्रममध्ये नाक घालून बसलेले असताना आई चहा घेऊन आली.

"अगं, असं काय हुंगतेस?"

"आई, या ड्रमला तेल कसलं लागलंय?"

"गोडेतेल," ती म्हणाली, अगदी सहज. "तू धुऊन ठेवलेस, आणि पावसाळी हवा. दोन दिवसांत तांबूस गंज धरला. विळी, तवा, अडकित्ता, कुठलंही लोखंड धुतलं की तेलाचा हात फिरवायचा, एवढंही कळत नाही का तुला? आतून-बाहेरून चांगलं चोळलं मी."

कप्पाळ माझं! मी हसू की डोकं आपटू? तिला समजावलं, की हे लोखंड घासायलाच असतं, तेल लागलं तर गाडी थांबत नाही. तिचा चेहरा उतरला. चहाचा कप तिने खाली ठेवला आणि सरळ बाबांच्या खोलीत गेली. मला दारातून ऐकू येत होतं. "अहो, तिचं काही चुकलं नाही. ड्रमला तेल मी लावलं होतं."

मी वाट पाहत राहिले. आता येतील, म्हणतील, बरं, चल, तुझा दोष नाही. बाबा दारात आले आणि म्हणाले, "बसवायच्या आधी पुन्हा पुसून पाहिलंस?"

"नाही. मी स्वतः धुऊन ठेवले होते ना!"

"मग चूक तुझीच. ज्यानं बसवलं त्यानं बघायचं असतं. आईच्या पदराआड लपायचं नाही."

असा राग आला, असा राग आला, की विचारू नका. आणि त्याहून जास्त राग याचा, की म्हातारा बरोबर बोलत होता. मी म्हटलं, "ट्रक उद्या संध्याकाळी येणार ना? संध्याकाळ व्हायला वेळ आहे अजून." आणि पाना उचलला. रात्रीपर्यंत चारही ड्रम काढून झाले होते.

तेल पिऊन बसलेलं अस्तर टाकूनच द्यावं लागतं. रविवारी सकाळी ट्रकांच्या अड्ड्यावर शू घेऊन गेले, कारण ट्रकांना रविवार नसतो, आणि उभी राहून नवीन अस्तर ठोकून घेतलं. परत आले तर आई मागच्या मोरीत बसलेली. चारही ड्रम समोर, उकळतं पाणी, साबण, काथ्या. मी म्हटलं, "आई, मी पेट्रोलनं धुते." ती मान वर न करता म्हणाली, "पेट्रोलनं मग धू. तेलकट भांडी घासायला मला शिकवू नकोस." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि दुसरा ड्रम ओढून घेतला. तिला एक शब्दही आवाज चढवून बोलले नाही याचं मला अजून बरं वाटतं.

मग पेट्रोल. मग कोरडं पांढरं फडकं, आईच्या जुन्या सुती पातळाचं. फडकं पांढरंच निघेपर्यंत प्रत्येक ड्रम पुसला. बसवण्याच्या क्षणी पुन्हा पुसला. हाताला ग्रीस होतं म्हणून हात धुऊन आले आणि मगच ड्रम उचलला. बाबा खुर्चीवर नव्हते. खिडकीचा पडदा एकदा हललेला दिसला, तेवढंच.

ट्रक यायला तासभर असताना मी जीप पुलावर नेली. आधी सपाट रस्त्यावर सावकाश चालवत बऱ्याचदा ब्रेक दाबून शू ड्रमला बसू दिले होते. आई आली. बाबाही आले, काठी टेकत. मला वाटलं, कालच्यासारखे कठड्याशी उभे राहतील. ते थांबले नाहीत. उतार उतरून खाली गेले, जिथे रस्ता सपाट होतो तिथे, आणि रस्त्याच्या मधोमध माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. एक हात काठीवर, दुसरा कमरेमागे धरलेला, थरथर दिसू नये म्हणून.

"अहो!" आई किंचाळली. "डोकं फिरलंय का तुमचं? बाजूला व्हा!"

बाबांनी मला हातानेच खूण केली. ये.

मी मान हलवून नाही म्हटलं. ओरडून नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा खूण केली, आणि तोंडावर तीच फोरमनची वैतागलेली आठी. ट्रक येणार होता. मी मनातल्या मनात बापाला जेवढ्या शिव्या देता येतात तेवढ्या दिल्या आणि हँडब्रेक सोडला. जीप सुटली. मला बाबांखेरीज काही दिसत नव्हतं, त्यांचा पांढरा शर्ट मोठा मोठा होत होता. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि पेडल दाबलं.

जीप थांबली. जरा डावीकडे मान वळवून, पण जागच्या जागी. माझ्यात आणि त्यांच्यात एक माणूस आरामात झोपला असता एवढं अंतर होतं. बाबा पुढे आले, थरथरता हात बॉनेटवर ठेवला आणि म्हणाले, "डावीकडचा थोडा आधी धरतोय. शनिवारी बघ तेवढं. आणि त्या ट्रकवाल्याला फोन करून सांग, येऊ नकोस म्हणावं."

आता मात्र मला रडू फुटलं. पेडलवरून पाय उचलायची हिंमत होईना, आणि ते अजून तिथेच, बंपरला गुडघे टेकवून उभे, वर अख्खा उतार. "बाबा, तुम्ही आधी समोरून बाजूला व्हा ना!" मी ओरडले.

"कशाला?" ते म्हणाले. "ब्रेक तू बसवलाय ना?"