पाण्यापलीकडची गोगलगाय

या मुलीची आणि माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. वर्गात ती शिकवीत असे आणि मी शिकत असे. वयाने ती माझ्या नातीच्या बरोबरीची. तरीही मी तिला ‘बाई’ म्हणत असे आणि ती मला ‘आजी’ म्हणत असे. वर्ग सुटला की आम्ही दोघी एकाच रस्त्याने घरी येत असू, कारण तिच्या वडिलांची रोपवाटिका आणि माझे अंगण यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही कमरेइतकीच उंच. त्यामुळे पुढील हकिकतीतील बराचसा भाग मी स्वतः ऐकलेला आहे. जो ऐकलेला नाही, तो कोणाकडून कळला हे त्या त्या ठिकाणी नमूद केले आहे.

मुलगी लहानपणापासून अबोल. तिला हाक मारली तर ‘ओ’ येईपर्यंत आईची भाजी चिरून होत असे. म्हणून घरात सर्व जण तिला ‘गोगलगाय’ म्हणत. पुढे ती विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकू लागली आणि शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पासाठी तिच्या वाट्याला नेमक्या गोगलगायीच आल्या. ते ऐकून आई म्हणाली, “बरे झाले. ओळखीतलेच स्थळ मिळाले.”

विषय असा होता : बागेतील गोगलगाय उचलून दूर नेऊन सोडली, तर ती आपल्या मूळ जागी परत येते काय? परंतु हा प्रकल्प प्रयोगाचा नव्हता, वाचनाचा होता. या प्रश्नावर आजवर ठिकठिकाणच्या संशोधकांनी जे छापले आहे ते शोधायचे, वाचायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे आणि कोणाचे म्हणणे कितपत टिकते ते अहवालात मांडायचे. या कामावर देखरेख करण्यासाठी एक मार्गदर्शक बाई नेमलेल्या होत्या. अहवालावर त्यांची सही झाली तर पदवी. न झाली तर वर्ष वाया.

वडिलांच्या गळी हे काही केल्या उतरेना. ते पूर्वी विद्यापीठाच्या बागेत माळी होते आणि लग्नानंतर ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःची रोपवाटिका काढली होती. मिशा झुबकेदार, आवाज खणखणीत, आणि कोणत्याही विषयावर मत तयार.

“म्हणजे तू एकही गोगलगाय हातात धरणार नाहीस?” त्यांनी विचारले.

“नाही बाबा.”

“मग करणार काय?”

“वाचणार. लोकांनी काय काय करून पाहिलं ते.”

“वा! म्हणजे जेवणार ते, आणि ढेकर तू देणार!”

वडिलांचे गोगलगायींशी हाडवैर होते. कोवळी रोपे एका रात्रीत फस्त होत. मारायला मात्र आईची सक्त मनाई होती. म्हणून वडील रोज सकाळी गोगलगायी वेचून भिंतीपलीकडे, म्हणजे माझ्या अंगणात, टाकीत. मी दुपारी त्या वेचून पुन्हा त्यांच्या रोपवाटिकेत टाकीत असे. या व्यवहाराबद्दल आम्ही शेजाऱ्यांनी एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे गोगलगायी परत येतात, याबद्दल वडिलांची खात्री होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता की त्या किती लांब टाकाव्यात.

“एवढी थप्पी वाचतेस, तर एवढं एक सांग,” ते रोज विचारीत.

“बाबा, त्यावर मतभेद आहेत.”

“कुणाचे? गोगलगायींचे की माणसांचे?”

एके दिवशी मुलीने कंटाळून सांगून टाकले, “एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लिहिलीये. मध्ये वाहतं पाणी असेल तर गोगलगाय परतीची वाट विसरते.”

वडिलांनी मांडीवर थाप मारली. “छापलंय?”

“हो. पेपरामागून पेपर हेच म्हणतात.”

“मला हे पहिल्यापासून वाटत होतं बघ! अगदी आतून वाटत होतं!”

दुसऱ्या दिवसापासून वडील गोगलगायींची बादली घेऊन कालव्याचा पूल ओलांडू लागले. वाटेत कोणी विचारले, तर बादली खाली ठेवून सांगत, “शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. लेक संशोधन करते माझी.” त्यांची कंबर दुखू लागली, पण अभिमान दुखला नाही. माझे अंगणही स्वच्छ राहू लागले, याबद्दल मी शास्त्राची ऋणी झाले.

मध्यंतरी वडिलांना स्वतःही थोडे संशोधन करावेसे वाटले. त्यांनी आईच्या नेलपॉलिशचा एक ठिपका गोगलगायीच्या पाठीवर दिला आणि तिला कालव्यापलीकडे सोडले. संध्याकाळी तीच गोगलगाय मिरचीच्या रोपावर आरामात बसलेली सापडली.

“ही दुसरी असेल,” वडील म्हणाले.

“दुसरी? अहो, लग्नाच्या वाढदिवसाला आणलेला रंग तो! मी ओळखत नाही होय?” आई म्हणाली.

पुढे तपासाअंती असे आढळले की बादलीच्या बुडाला बाहेरून गोगलगायी चिकटून बसतात. ती चालत आली नव्हती. वडिलांनीच तिला पुलावरून मानाने परत आणले होते.

“लिही हे,” वडील म्हणाले.

“बाबा, हा पुरावा धरता येत नाही.”

“कुणाच्या बाजूचा?”

“कुणाच्याच.”

आता मार्गदर्शक बाईंविषयी. त्यांची खोली विद्यापीठात जिन्याखाली होती. तेथे शंखांच्या बरण्या, कागदांचे गठ्ठे आणि एकुलती एक खुर्ची होती. भेटीला येणाऱ्याने खुर्चीवरचे कागद मांडीवर घेऊन बसायचे आणि उठताना ते त्याच क्रमाने परत ठेवायचे, असा शिरस्ता होता. बाई शिस्तीच्या कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलीला एक नियम घालून दिला : “मूळ स्वतः वाचल्याशिवाय कुणाचा हवाला द्यायचा नाही. अमका म्हणतो की तमका म्हणाला, हे माझ्याकडे चालणार नाही.” (खोलीचे व नियमाचे हे वर्णन, तसेच पुढे ग्रंथालयात जे घडले ते, मुलीने मला वर्गाच्या पायरीवर बसून सांगितले.)

नियम सोपा होता. पाळणे कठीण होते. वाहत्या पाण्याची गोष्ट सर्वांनी लिहिली होती, हे खरे. पण पाहिली कोणी होती? मुलगी एकेक पेपर काढून बघू लागली. पहिल्याने दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने चौथ्याचा. लग्नघरात एखादी बातमी चुलतसासूकडून मावससासूकडे आणि तिच्याकडून आत्तेसासूकडे जावी, आणि प्रत्यक्ष पाहणारी बाई मात्र कोणीच नसावी, तसा प्रकार! फरक एवढाच की येथे प्रत्येक सासूने आपले म्हणणे छापून ठेवले होते. कोणी ‘बहुधा’ असे लिहिले होते, पुढच्याने ते ‘बहुधा’ गाळले, त्यापुढच्याने ‘सर्वमान्य आहे’ असे जोडले.

अखेर ग्रंथालयाच्या तळघरात तिला अगदी मुळाचा पेपर मिळाला. धूळ झटकून तिने लेखिकेचे नाव वाचले आणि पुन्हा एकदा वाचले. तो पेपर मार्गदर्शक बाईंनी स्वतः विद्यार्थिदशेत लिहिलेला होता. पाण्याविषयीच्या वाक्याखाली बारीक अक्षरात टीप होती : ‘विद्यापीठाच्या बागेतील एका अनुभवी माळ्याने सांगितल्यावरून.’

मुलीने बोटांवर वर्षे मोजली. मग ती घरी आली.

त्या संध्याकाळी मी भिंतीपाशी वाळत घातलेले कपडे काढीत होते. पुढील संभाषण मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

“बाबा, तुम्ही बागेत कामाला होतात, तेव्हा कुणी विद्यार्थिनी गोगलगायींचं काम करायची का?”

“होती ना! दोन वेण्यांची. रंगाची डबी घेऊन फिरायची. गोगलगायींना ठिपके द्यायची आणि परत माझ्याच वाफ्यात सोडायची. माझी सगळी शेवंती खाल्ली तिच्या पाहुण्यांनी!”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? साहेबांची परवानगी होती तिला. मी आपलं सांगितलं की बाई, तिकडे पाटापलीकडे सोडा. पाणी ओलांडून नेलेली गोगलगाय परत येत नाही, माझा अनुभव आहे. तिने लगेच लिहून घेतलं. गेली ब्याद पलीकडे!”

“आणि अनुभव होता?”

वडील काही वेळ मिशीवर हात फिरवीत राहिले. “नव्हता,” ते म्हणाले. मग त्यांची नजर दाराजवळच्या बादलीकडे गेली. तेथून कालव्याच्या दिशेला गेली. तेथून स्वतःच्या कमरेकडे आली. “म्हणजे इतके दिवस मी ही बादली... माझ्याच थापेवर?”

आईच्या हातून पोळी तव्यावरच राहिली. “काखेत कळसा नि गावाला वळसा!” ती पदर तोंडाला लावून म्हणाली. “उचलली जीभ लावली टाळ्याला. आता फिरा पुलावरून!”

मुलगी मात्र हसली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी तिची गत झाली होती. खरे लिहावे तर ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्या बाईंचीच चूक जगापुढे येणार, आणि सोबत वडिलांची थापही. न लिहावे तर आपणही त्या सासवांच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. वडील म्हणाले, “गाळून टाक. एका वाक्याने कुणाचं काय अडतंय?” आई म्हणाली, “तुमच्या एका वाक्यानेच सगळ्यांचं अडलंय.”

मुलीने लिहिले. ‘या विधानाला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार आढळत नाही,’ असे लिहून तिने हवाल्यांची सारी साखळी मुळापर्यंत दाखविली आणि अहवाल घेऊन ती जिन्याखालच्या खोलीत गेली.

(पुढील प्रसंगही तिनेच मला सांगितला. बाईंनी नंतर त्याला दुजोरा दिला. मात्र आपला आवाज चढला होता, हे त्यांना मान्य नाही.)

बाईंनी वाचले. बरण्यांकडे पाहिले. पुन्हा वाचले.

“हा भाग काढला तरी प्रोजेक्ट पूर्ण होतो,” त्या म्हणाल्या.

मुलीच्या मांडीवर खुर्चीवरचे कागद होते. ते तिने घट्ट धरले. “मॅडम, मूळ वाचल्याशिवाय हवाला द्यायचा नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी मूळ वाचलं.”

“तो माळी जाणता होता! झुबकेदार मिशा होत्या त्याला. काय खात्रीने बोलायचा!”

“अजूनही बोलतात, मॅडम.”

“म्हणजे?”

“ते माझे बाबा आहेत.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अहवाल ठेव इथे. आणि जा.” सहीविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस त्या घरात फार वाईट गेले. मुलगी जेवेना. वडील स्वतःहून गप्प बसले, हे तर शेजाऱ्यांनाही चिंता वाटावी असे होते. गोगलगायी पुन्हा माझ्या अंगणात येऊ लागल्या, त्यांच्याबद्दल मी त्या काळात तक्रार केली नाही.

एका सकाळी रोपवाटिकेच्या फाटकाशी एक पिकलेल्या केसांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. वडील कुंड्यांना पाणी घालीत होते.

“माळीदादा, ओळखलंत?”

वडिलांच्या हातातील झारी तशीच वाहत राहिली. “वेण्या कुठे गेल्या, बाई?”

“शेवंतीबरोबर गेल्या. मला एकच सांगा. तुम्ही पाहिलं होतंत की नव्हतं?”

“एकदा एक गोगलगाय पाटापाशी येऊन मागे फिरली होती.”

“अहो!” आतून आईचा आवाज आला.

“नव्हतं पाहिलं,” वडील म्हणाले. “बाई, मला वाटलं तुम्ही गोगलगायी पाटापलीकडे सोडाल. तुम्ही माझी थाप जगभर सोडलीत!”

यावर बाई आधी रागावण्याच्या बेतात होत्या, हे मला भिंतीवरून स्पष्ट दिसत होते. परंतु हसू आधी आले. इतके आले की त्यांना उपड्या बादलीवर बसावे लागले. “मी तरी का नाही तपासलं?” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पाटापलीकडे गवत मोठं होतं. कोण शोधणार तिथे जाऊन? नाही सापडल्या, म्हणजे नाही परतल्या, असं धरून चालले.”

मग त्यांनी मुलीला बाहेर बोलावले. मुलगी दारात येऊन खांबाला धरून उभी राहिली.

“तुला मी सांगितलं होतं ना, तो भाग काढला तरी चालेल म्हणून?”

“हो, मॅडम.”

“का नाही काढलास?”

मुलीने नेहमीप्रमाणे वेळ घेतला. आईची भाजी चिरून होईल इतका घेतला. मग म्हणाली, “पुढचं कुणी माझं वाचून लिहिलं असतं, मॅडम.”

बाईंनी पिशवीतून अहवाल काढला, मांडीवर ठेवला आणि तेथेच बादलीवर बसून सही केली. “तो पेपर छापला त्या मासिकाला मी दुरुस्तीचं पत्र पाठवलंय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या अहवालाचा दाखला देऊन. तुला सगळे गोगलगाय म्हणतात म्हणे?”

“हो.”

“पोटातले पाय दिसले आज.”

वडील मध्येच खाकरले. “त्या दुरुस्तीत माझं नाव येणार का?”

“थाप मारणारा म्हणून?” आईने विचारले.

“कसं का होईना, छापून येणार ना!”

मुलीला पदवी मिळाली. वडील आता गोगलगायी कोठे सोडाव्यात असे कोणालाच विचारीत नाहीत. भिंतीवरील आमची जुनी देवाणघेवाण पूर्ववत सुरू आहे, आणि ती कधी थांबेल याविषयी छापील माहिती उपलब्ध नाही.

पुढे आमच्या वर्गात ‘माझ्या ओळखीची व्यक्ती’ या विषयावर लिहायचे ठरले, तेव्हा मी तिला विचारले, “बाई, तुमच्यावर लिहू का?” तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, “लिहा आजी. फक्त कुठली गोष्ट कुणी सांगितली, तेवढं लिहा.”