दसऱ्याचा सॅक्सोफोन

अमेरिकेत नोव्हायला घर घेतलं त्या वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली आणि दसऱ्याला तिने पूजा मांडली. शस्त्रं नाहीत, तर ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं. माझा लॅपटॉप, बायकोचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली आणि पाटावर आडवा ठेवलेला लेकीचा सेकंडहँड सॅक्सोफोन. आईचा हात सढळ. कुंकवाच्या ओल्या अक्षता तिने अशा उधळल्या, जणू त्याचं लग्नच लागतंय.

संध्याकाळी लेक प्रॅक्टिसला बसली, तर खालचे सूर निघेनात. नुसती फुसफुस. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या जॅझ बँडची निवड होती आणि त्यासाठी पोरगी अख्खा उन्हाळा राबली होती. "आजीने रुइन केलं," म्हणून ती रडायलाच लागली. आजीशी अबोला. आई देवापुढे जाऊन बसली. मी भडकलो, पण कोणावर ते ठरेना, म्हणून बायकोवर.

तिने शांतपणे शेजारच्या जपानी काकांना बोलावलं. ते मोटार कंपनीतून रिटायर झालेले, पण त्यांचे वडील तिकडे सॅक्सोफोनच्या कारखान्यात पितळ ठोकायचे. काकांनी वाद्याच्या पोटात छोटा दिवा सोडला आणि झाकणं एकेक दाबून पाहिली. एका झाकणाखालून उजेड फटकन बाहेर आला. तिथे कुंकवाने चिकटलेला तांदूळ होता.

तो काढताना त्यांनी अमेरिकन दुकानाच्या नावाखाली बारीक कोरलेलं 'जपान' आम्हाला दाखवलं. म्हणाले, हा आमचाच. कारखाना आधी लष्करी बँडची परदेशी वाद्यं दुरुस्त करायचा. मग मालकाच्या मुलाने एक सॅक्सोफोन खोलून, मापं घेऊन स्वतःचा बनवला. इकडे त्यांच्या नावावर कोण घेणार? कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने विकले. आता मोठमोठे वादक त्यांचंच नाव सांगून मागतात. मी तेव्हा कन्सल्टंट, काम माझं आणि पाटी दुसऱ्याची. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

आई मान वर करेना. काकांनी तो तांदूळ तिच्या तळहातावर ठेवला आणि मला म्हणाले, "आईंना सांगा, आमच्याकडेही नव्या वर्षाला मशीनपुढे तांदळाचे गोळे ठेवायचे. पुढे. आत नाही."

मी मराठीत सांगितलं तशी आई डोळे पुसत हसली. लेकीलाही हसू फुटलं, पण बोलली नाही ती.

सकाळी बस यायच्या आधी सॅक्सोफोनची पेटी घेऊन ती आजीपुढे उभी राहिली.

"आजी, कुंकू लाव. ओन्ली ऑन द केस."

आईने जपून पेटीवर कुंकवाचं एक बोट टेकवलं.

त्या दिवशी मी घरूनच काम केलं, म्हणजे फोनपाशी बसून राहिलो. दुपारी तो वाजला. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"बाबा, आधी आजीला दे."