सासूबाईंचा गोळ्यांचा डबा

देवळाली प्रवऱ्याला आमच्या सासूबाईंकडे एक स्टीलचा डबा आहे. मुळात तो चिवड्याचा. पण घरात कुणी आजारी पडून बरं झालं की उरलेल्या गोळ्या त्यात जाऊ लागल्या आणि चिवड्याला दुसरा डबा शोधावा लागला. दुपारची भांडी उरकली की गल्लीतल्या बायका ओट्यावर येतात आणि रंग सांगून गोळ्या मागतात. "मागं दिल्ती ती गुलाबी हाय का वो? लई गुन आला." सासूबाई डबा उघडतात, गुलाबी गोळी देतात, आणि संध्याकाळी त्या घरून वाटीभर लोणचं येतं. स्वतःला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला न देणं म्हणजे तिथे चक्क कद्रूपणा. यावरून मी सासूबाईंशी कितीदा तरी भांडले आहे. भांडायला मला एरवीही फार निमित्त लागत नाही.

म्हणूनच मधे मला भांडावंसं वाटेनासं झालं, तेव्हा घरचे घाबरले. नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी गवार निवडायला बसायचे आणि गवार तशीच पडून राहायची. शाळेत शिकवायला निघताना छातीत धडधडायचं. स्कूटरची किल्ली हातात घेऊन मी दारातच उभी राहायचे. सासूबाई येऊन मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून गेल्या. शेवटी नवऱ्याने मला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, नैराश्य आणि चिंतेचा आजार आहे असं स्वच्छ शब्दांत सांगितलं, आणि रोज एक गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील, म्हणाल्या. सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल, तरी सोडायची नाही. जास्तच घालमेल झाली किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करायचा. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, बंद करायची तेव्हाही हळूहळू, त्यांना विचारून.

पहिले काही दिवस मळमळलं तेव्हा मी त्या गोळीला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. मग एके दिवशी भाजीवाल्याने पिवळी पडलेली कोथिंबीर ताजी म्हणून गळ्यात मारायला घेतली आणि मी त्याच्यावर अशी कडाडले की शेजारच्या गाडीवरचा केळीवाला उठून उभा राहिला. नवरा पिशवी धरून बाजूला उभा होता. एरवी अशा वेळी तो मला ओळखतही नसल्यासारखं वागतो. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आली बाबा," एवढंच म्हणाला तो.

दिवाळीला देवळालीला गेलो तेव्हा मी करंज्या करताना गाणी म्हणत होते. सासूबाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "काय घेतीस गं तू?" मी गोळ्यांची पट्टी दाखवली आणि शिकवायची सवय असल्यामुळे सगळं समजावूनही सांगितलं. "आता बरी झालीस न्हवं? मग टाक की सोडून," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तसं नसतं आई." आणि विषय तिथेच संपला.

नगरला परतल्यावर पाहिलं तर जास्तीची एक पट्टी पर्समध्ये नव्हती. फोन केला. "हितं काय न्हाई दिसत," सासूबाई म्हणाल्या. मी दुसरी पट्टी आणली आणि विसरून गेले.

थंडी वाढल्यावर एका सकाळी त्यांचाच फोन आला. चक्कर येतेय, पोटात ढवळतंय, अंगाला कापरं भरल्यासारखं होतंय. काय खाल्लं विचारलं तर भाकरी. आणखी काय? चहा, पाणी सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "तुझी गोळी."

आम्ही तसेच गाडी काढून निघालो. राहुरी येईपर्यंत मी एकसारखी बडबडत होते. सासूबाई गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी घेतात, त्यावर ही, आणि वय हे असं. त्यांना काही झालं तर ती पट्टी माझी होती.

त्या ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. "रोज घेत होता?"

"रोज कशाला? ज्या दिवशी वाईट वाटंल त्या दिशी एक. काल लई वाटलं, दोन घेतल्या."

"अहो, ती काय डोकं दुखल्यावर घ्यायची गोळी आहे का? आणि दुसऱ्याची गोळी..."

"तुला लागू पडली. मला काहून न्हाई पडायची?" त्याही माझ्यासारख्याच भडकल्या. "मला बी वाटलं तुझ्यावानी गानं म्हनावं."

मग आधी चप्पल काढली. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आई, वाईट कधीपासून वाटतंय?"

"गाई विकल्यापून."

गाई विकून वर्ष होऊन गेलं होतं. त्यांच्या गुडघ्यांसाठी आम्हीच हट्टाने विकल्या होत्या आणि आईला आता आराम मिळेल म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं होतं. त्या मात्र अजून पहाटे चारला उठत होत्या, रिकाम्या गोठ्यात जाऊन उभ्या राहत होत्या, आणि परत येऊन अंथरुणावर बसत होत्या. जेवण जात नव्हतं. मला फार लाज वाटली आणि त्यांची फार माया आली.

त्याच दिवशी त्यांना नगरला आणलं. उरलेली पट्टी आणि गुडघ्यांच्या गोळ्या मी सोबत घेतल्या. डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं. थोडक्यात निभावलं, म्हणाल्या. ही गोळी अधूनमधून घेऊन उपयोग तर होत नाहीच, शिवाय त्या दुखण्याच्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. दार लोटलेलं होतं. आतून सासूबाईंचा आवाज आला तो थांबेचना. एकेका गाईचा स्वभाव सांगत होत्या त्या. नवरा खाली मान घालून रडत होता.

आता त्यांची स्वतःची गोळी आहे, रक्त तपासून, वयाला बेतून कमी मात्रेची. गुडघ्यांचं औषध बदललंय. डॉक्टरबाईंशी गप्पा मारायला त्या ठरलेल्या दिवशी येतात आणि जाताना त्यांना लोणचं देऊन जातात. गोठ्यात एक कालवड आली आहे. तिचं शेण काढायला गडी आहे, पण सासूबाई त्याला काही सुचू देत नाहीत. रोज सकाळी मला फोन येतो, "घेतलीस का?" मीही तेच विचारते, आणि कधी कधी त्यावरूनही आमचं वाजतं.

परवा मी देवळालीला होते. शेजारची बाई ओट्यावर आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "ती हासायची गोळी हाय म्हनं तुमच्याकडं. एक द्या की."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी डबा मागे सरकवला आणि ओट्यावर तिला जागा करून दिली.

"गोळी डॉक्टरबाई देतील, मी नेते तुला," त्या म्हणाल्या. "आधी बस हितं. काय हुतंय ते सांग."