पुनवेला आवळलेली साखळी

चकचकीत स्टील पाहिलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. भांडं असो नाहीतर जिन्याचा कठडा, नकोच ते डोळ्यांसमोर. याला कारण माझा थोरला भाऊ आणि त्याने नारळी पुनवेला आमच्या बोटीवर दाखवलेला शहाणपणा.

माझं माहेर माहीमच्या किनाऱ्यावरचं, मच्छीमारांचं. लग्नानंतर मी सालवडला आले, पण पुनवेला बंदरावर गेले नाही असं कधी झालं नाही. त्या वर्षी तर जायलाच हवं होतं. बाबांचे गुडघे गेले होते. पावसाळ्यातली बंदी संपली की पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. तिला आपण शेवटचं सुकाणू धरायचं आणि मग बोट दादाच्या हवाली करायची, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता.

बाबा बोट धक्क्याला बांधायचे ती लांब, सैल दोराने. पाणी चढलं की बोट चढणार, उतरलं की उतरणार. तिला तेवढी मोकळीक नको? पण दादाला तो दोर गबाळा वाटायचा. त्याने बोईसरहून जाड साखळी आणली आणि स्टीलच्या शेकली, म्हणजे साखळी अडकवायच्या स्क्रूवाल्या कड्या. बंदरभर मिरवल्या. नाकापेक्षा मोती जड!

पुनवेच्या दुपारी भरती तुडुंब होती. खाडीवर डिझेलचा तवंग, त्यात कुजकी फुलं, पिशव्या आणि एक फुगलेला उंदीर. त्यातून स्पीकर लावलेल्या बोटी उगाच इकडून तिकडे धावत होत्या. त्यांच्या लाटांनी आमची बोट धक्क्यावर आपटायची आणि दादाला काळजी कसली, तर नव्या रंगाची. शिवाय बायकांना पूजेचं ताट घेऊन बोटीत सहज पाय टाकता यायला हवा. म्हणून त्याने साखळी आखूड केली, बोट धक्क्याला आवळली आणि शेकलींचे स्क्रू पान्याने पिळले. बाबांनी बजावलं, पूजा झाली की सैल कर. हो म्हणाला. नारळ सोडला, फोटो काढले, घरी येऊन नारळीभातावर आडवा हात मारला आणि घोरत पडला.

अरे, दर्यावर वाढलास ना? पुनवेचं उधाण जेवढं चढतं तेवढंच उतरतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

संध्याकाळी आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. पाणी पार खाली गेलेलं. बोट एका अंगाने धक्क्याला टांगलेली, खाटकाकडच्या बकऱ्यासारखी, आणि दुसरं अंग पाण्यात. दोर असता तर कोयत्याने सपकन कापला असता. साखळीला कोयता काय करणार? बोटीचा सगळा भार तिच्यावर आलेला, त्यामुळे स्क्रूही फिरेना. दादा पान्याशी झटत होता, तेवढ्यात त्या स्पीकरवाल्यांपैकी एक जवळून गेला. त्याची लाट खालून बसली आणि साखळीने बोटीची कडेची फळीच कडाकडा उखडली. बोट आडवी पडली. बघता बघता आत पाणी भरलं.

बाबा काठीवर रेलून हे सगळं पाहत होते. दादाने साखळी वर ओढली. तिच्या टोकाला फळीचा तुकडा लोंबत होता. त्याने शेकलीवरचा चिखल शर्टाने पुसला, ती उजेडात धरली आणि म्हणाला,

"बाबा, शेकलीला काय नाय झालं. माल पक्का हाय."

शी! सख्खा भाऊ, पण त्या क्षणी मला त्याची किळस आली. बाबांनी फळीचा तो तुकडा तेवढा सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बंदरातल्या सगळ्या बोटी सुटल्या. बाबा खुर्ची घेऊन मागच्या दारी बसले, जिथून समुद्र दिसत नाही.